पाण्याचा माल

काय म्हणालास? वरचं पाणी ओतून टाकू, बरणी हलकी होईल?

खाली ठेव. अरं अभिनंदन, आधी ती बरणी खाली ठेव. हळू. आन तू पण बस. पुणं कुठं पळून जात न्हाई. तुझी बायको अजून आत आमच्या हिच्याकडनं बासुंदीची कृती लिहून घेतीया, म्हंजे तास गेला धर. तोवर तुला एक गोष्ट सांगतो, माझ्या अकलेची. सगळ्या वाडीला पाठ हाय ती. तू शिरोळचा, वाडीचा जावई, म्हणून तुझ्या कानावर आली नसंल. बरणीत काय हाय, ते शेवटाला सांगतो. आधी सांगितलं तर तू नाक मुरडशील.

माझा धंदा तुला ठाऊकच हाय. म्हशी, दूध, श्रीखंड. श्रीखंडाचा जीव म्हंजे चक्का. दही फडक्यात बांधायचं, तुळईला टांगायचं. गळायचं ते गळून गेलं की गाठोड्यावर दगड ठेवायचा. मागं राहतो तो माल, गळून जातं ते पाणी. पाणी म्हंजे आमच्या धंद्यात चोर. गवळ्याच्या पोराला चालता येत नसतंय, तवाच पहिली शिवी कळती, "पाणी घालतोस व्हय रं?" म्हणून आमच्या वडलांनी दुकानावर पाटीच रंगवून घेतली होती : 'आमच्या मालात पाण्याचा थेंब नाही.' शाळेत मी फार टिकलो न्हाई. जे काय वाचायला शिकलो, ते त्या पाटीवर. तेवढंच वाचलं आन तेवढंच डोक्यात बसलं.

तर त्या साली माझी भाची, चित्रा, आमच्याकडं राहायला होती. कोल्हापूरला एम.एस्सी. करत होती. तिचे वडील, म्हंजे आमचे दाजी, कुरुंदवाडला पाइपांचं दुकान चालवायचे. दाजी मोजकं बोलणारे. त्यांनी सांगूनच ठेवलं होतं, "परीक्षा होईपर्यंत मामाकडं राहा. पुढं पुणंबिणं काय न्हाई. गल्ल्यावर बसायला मला घरचं माणूस पाहिजे." पण कॉलेजातल्या हेर्लेकर मॅडमनी पोरीच्या डोक्यात भरवलं होतं, की परीक्षेला बाहेरचे सर येणारेत, पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेतले. त्यांना तुझं काम आवडलं तर ते तुला तिकडं नेतील. फुकट शिकवतील, वर राहायची सोय. मग दाजी तरी काय बोलणार? म्हंजे एकीकडं पुणं, एकीकडं पाइपा. पोरगी पाइपा म्हटलं की नुसती बघायची माझ्याकडं.

काम काय, तर साय.

हसू नको. देवळापुढं नारळ फोडतात, त्याचं पाणी गटारात जातं न्हवं? ते ही कॅनमधी भरून आणायची. त्यात साखर आन कसलं तरी आंबट विरजण घालायची, आन माझ्या बर्फीच्या स्टीलच्या ट्रेमधी ओतून वर फडकं बांधायची. आधी कॉलेजात लावलं होतं, तिथं बुरशी आली, म्हणून आमच्या दह्याच्या खोलीत आणलं.

"मामा, हात लावायचा नाही. हलवायचं पण नाही."

"लेकी, आमचं दही लागताना आम्ही सुद्धा हलवत न्हाई. मला शिकवू नको."

थोड्या दिवसांनी फडकं काढलं, तर वर भाकरीएवढी जाड साय! आमची ही, शेवंता, बघायला आली.

"नारळाच्या पाण्याला साय? ह्यात दूध कुठाय?"

"मामी, ह्यात बारीक जीव असतात, डोळ्याला न दिसणारे. ते धागा काढतात, कोळ्यासारखा. धागा म्हणजे कापसाचाच गं, सेल्युलोज. ज्याचा कागद होतो, ज्याचं तुझं लुगडं झालंय, तेच."

"मग लुगडंच विणायला सांग की त्यांना."

आता शेवंताचं सांगायला पाहिजे. हा सायीचा खटाटोप सुरू व्हायच्या थोडं आधीच तिच्या हातावर उकळती बासुंदी सांडली होती. कोपरापासून मनगटापर्यंत सोललं होतं. एक दिवसाआड दवाखान्यातला कंपाउंडर यायचा पट्टी बदलायला. आदली पट्टी जखमेला चिकटून बसलेली असायची, ती ओढली की नवी कातडी पण तिच्याबरोबर. मी कंपाउंडरला सांगायचो, "कोरडी बांध, घट्ट. ओल ठेवू नको अजिबात." आन तो पिशवी उघडायला लागला, की मला म्हशीला पाणी दाखवायचं आठवायचं. म्हैस प्यालेली असो, नसो. बादली घेऊन मी गोठ्यात. त्या महिन्यात ती म्हैस इतकं पाणी प्याली, की दुधाला पातळ झाली म्हणतो मी.

तर साय तयार झाली. चित्रानं ती काढली, कडा कातरून सारखी केली, कसल्या तरी पाण्यात उकळली, धुतली, परत धुतली. शेवटी ती अशी झाली, की डब्यातल्या पाण्यात बुडवली तर दिसायची न्हाई. हातात घेतली तर थंडगार, गुळगुळीत, वासराच्या नाकपुडीसारखी.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी ती कोल्हापूरला मांडामांड करायला निघाली. जाताना डब्याचं झाकण उघडून मला म्हणती, "मामा, ओळख बरं, ह्यात किती पाणी असेल?"

"असंल थोडंफार."

"शंभरातले नव्व्याण्णव भाग!"

मी चहाचा कप खाली ठेवला. "आन माल?"

"एक भाग. धागा तेवढा एक भाग." आन चेहरा असा, जसं काय बक्षीस मिळालंय.

"उद्या ते सर ह्याला... तपासणार?"

"तपासणारच की! वजन करणार, पाणी किती आहे ते मोजणार. तीच तर परीक्षा आहे."

आन गेली एस.टी. गाठायला.

मी तिथंच पायरीवर बसलो. अभिनंदन, तू गवळी न्हाईस, तुला त्या वाक्याचा दणका कळायचा न्हाई. सरकारी माणूस येणार, पाणी मोजणार, आन आमच्या पोरीच्या मालात शंभराला नव्व्याण्णव पाणी! आम्ही बापजन्मात शंभराला एक घातलं न्हाई. मॅडम बिचाऱ्या शहरातल्या, त्यांना काय कळतंय. पोरगी तर अडाणीच म्हणायची, स्वतःच्या तोंडानं सांगतीया. उद्या चारचौघांत ते सर म्हणणार, "पाणी घालतेस व्हय गं?" आन ती थेट पाइपांच्या दुकानात.

मामा जिता असताना?

शेवंता गोळी घेऊन झोपली होती. मी स्वच्छ फडकं घेतलं, धुवून. साय त्यात बांधली, पाटावर ठेवली, वर पाटा-वरवंट्यातला पाटा. पाणी सुटलं ते थांबंचना! मी आपला म्हणतोय, "केवढं घातलंय पोरीनं, केवढं घातलंय!" पाटा पुरंना, म्हणून वर मीच बसलो. तवा माझं अंग आत्तासारखं झडलेलं न्हवतं. मग जे राहिलं ते नेऊन पत्र्यावर उन्हात पसरलं आन कावळे येऊ नयेत म्हणून काठी घेऊन शेजारी उभा राहिलो. उन्हं कलताना हातात आलं ते बघून मला माझंच कौतुक वाटलं. पतंगाच्या कागदासारखं, पातळ, कडक, चिवट. उजेडावर धरलं तर पलीकडचा कळस दिसतोय. आता ह्याला म्हणायचं माल! पेढ्याच्या कागदात गुंडाळलं, वर दोरा बांधला.

संध्याकाळी चित्रा आली. पाय धुवायच्या आधी मी पुडी तिच्या हातात ठेवली.

"हे काय, मामा?"

"तुझी साय. सगळं पाणी काढलं. आता खुशाल तपासू दे कुणाला तपासायचं ते."

तिनं दोरा सोडला. बघितलं. डब्याकडं बघितलं. परत हातातल्या कागदाकडं. खाली बसली नुसती.

"अगं, त्यात काय? पाणीच पाहिजे असंल तर भिजत घाल. वाटाणा भिजतो, सांडगा भिजतो, हे भिजंना व्हय?"

परात आणली, पाणी ओतलं, त्यात तो कागद टाकला. शेवंता उठून आली होती. आम्ही तिघं परातीभोवती, बारसं असल्यासारखे. थोडा मऊ पडला. थोडं पाणी प्याला. पण भाकरी व्हायचं नाव न्हाई. ओला कागद तो ओला कागदच.

"का फुगंना?"

चित्रा हळूच बोलली. "मामा, आत धागे होते. केसापेक्षा कितीतरी बारीक. मधे पाणी होतं म्हणून ते एकमेकांपासून लांब उभे होते. पाणी धाग्यांना धरून होतं, धागे पाण्याला. तू पाणी काढलंस, धागे जवळ आले आणि एकमेकांना चिकटले. आता पाण्याला आत शिरायला वाटच नाही."

"सोडवता येतील की."

"कुणाला?"

"म्हंजे मी त्यांचं लगीनच लावून दिलं."

कुणी हसलं न्हाई. मी पण हसलो न्हाई, तोंडातनं निघून गेलं ते. चित्रा म्हणाली, "पूर्ण सुकलेलं परत पहिल्यासारखं होत नाही. पुस्तकात वाचलं होतं मी. घरात बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं." आन मग तिच्या डोळ्याला पाणी आलं. "उद्या काय दाखवू मी? सगळी साय एकाच वेळी काढली होती. विरजण सुद्धा ठेवलं नाही मागे."

तवा शेवंता उठली. चांगल्या हातानं फळीवरनं मिठाच्या बरणीमागची दुसरी बरणी काढली, चिनी मातीची, आन चित्राच्या पुढ्यात ठेवली. आत पिवळसर पाणी, आंबूस वास, आन पाण्यावर हाताच्या तळव्याएवढी साय.

"हे कुठलं, मामी?"

"तू कडा कातरून टाकल्यास, त्यातली एक घातली नारळाच्या पाण्यात. चिमूटभर साखर टाकली. विरजणापुरतं मागं ठेवल्याबिगर सगळं कुणी काढतं व्हय? तुला शाळेत शिकवत न्हाईत ते?" मग माझ्याकडं वळून, "आन तुम्हाला बसायला घरात दुसरी जागा न्हवती?"

दुसऱ्या दिवशी मी दुधाचा रतीब सोडला आन चित्राला एम-एटी गाडीवर घेऊन कोल्हापूरला गेलो. बरणी मी धरतो म्हटलं, तर पोरगी म्हणती, "तू फक्त हँडल धर." रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून चक्क्याचा एक डबा डिकीत घेतला होता. माझ्या वतीनं माफी म्हणून.

प्रयोगशाळेच्या दारात मी उभा राहिलो, चपला बाहेर काढून. पुण्याचे सर आत आले. साधे होते, बुटके, चष्मेवाले. हेर्लेकर मॅडम शेजारी. चित्रानं टेबलावर एका बशीत ओला तुकडा ठेवला, दुसऱ्या बशीत माझा पराक्रम.

सरांनी पराक्रम चिमटीत उचलला. "हे कशावर वाळवलं? कुठल्या यंत्रावर?"

मी डोळे मिटले. आता ही काय तरी सांगून वेळ मारून नेणार, असं वाटलं. तिनं सरळ सांगितलं, "मामानं वाळवलंय, सर. दारात उभे आहेत. श्रीखंडवाले आहेत."

"बोलवा की आत!"

गेलो. टोपी हातात.

"का हो वाळवलंत?"

"साहेब, पाणी होतं त्यात."

"मग?"

"मग काय? तुम्ही पाणी मोजणार म्हणाली. आमच्या धंद्यात पाण्याचा माल म्हंजे अब्रू गेली. पोरीची जाऊ नये म्हणून दाबला."

"कशानं दाबलात?"

"आधी पाट्यानं." मी मॅडमकडं बघितलं. "मग... मीच बसलो."

सर असे हसले, असे हसले, की चष्मा काढून पुसावा लागला. मॅडमनी तोंडाला पदर लावला. मी म्हटलं हसू दे, हसणारा माणूस नापास करत न्हाई. आन डबा पुढं केला. "घरचा चक्का हाय साहेब. ह्यात मात्र पाण्याचा थेंब न्हाई."

"थेंब नाही?"

"आमच्या वडलांनी पाटी लावलीय."

सरांनी चमचाभर चक्का एका छोट्या ताटलीत घेतला आन एका यंत्रात, तापलेल्या दिव्याखाली ठेवला. आम्हाला चहा आला. चहा संपला तवा झाकण उघडलं. आत एक वाळकी खपली. मला वाटलं, यंत्रानं खाल्लं.

"मामा, तुमच्या चक्क्यात अर्ध्याहून जास्त पाणीच आहे."

"खोटं!"

"यंत्र कशाला खोटं बोलेल? ते पाणी माल धरून ठेवतं, म्हणून तर तो मऊ लागतो. तुमच्या-माझ्या अंगात सुद्धा अर्ध्याहून जास्त पाणीच. तुम्हाला पाट्याखाली दाबून पत्र्यावर वाळवलं, तर परत हौदात घालून उठाल का?"

वडलांची पाटी तिथल्या तिथं माझ्या डोक्यावर पडली बघ. जन्मभर पाण्याचाच माल विकला मी, आन वर छाती काढून.

मग सर चित्राकडं वळले. गंभीर झाले. "तुकडा छोटा आहे, पण चांगला आहे. ओलं आणि सुकलेलं शेजारी ठेवलंस, फरक मला दिसला. पण एक सांग. एवढ्या विषयांतनं हाच का घेतलास?"

मी दाराकडं निघालो होतो. पाठीमागनं तिचा आवाज आला.

"माझी मामी भाजली, सर. पट्टी सुकून जखमेला चिकटते. काढताना ती ओरडत नाही, दातात पदर धरते. ह्याची ओली पट्टी ठेवली तर ती चिकटणार नाही, जखम ओलसर राहील, असं वाचलं. तपासण्या व्हायला कितीतरी वर्षं लागतील, माहीत आहे मला. मामीसाठी नाही होणार. पण... तिची पट्टी बदलताना मामा गोठ्यात जाऊन उभा राहतो. म्हशीला पाणी दाखवतो. म्हैस पीत नसते, सर. तो नुसता बादली धरून उभा असतो. मला दह्याच्या खोलीच्या खिडकीतनं दिसतो. त्या खिडकीतनं बघतच मी हा विषय घेतला."

बाहेर आवारात एक नळ होता. तिथं म्हैस न्हवती. तरी मी तोटी सोडली आन उभा राहिलो.

सरांनी तिला तिथं लगेच हो म्हटलं न्हाई. म्हणाले, पूर्ण साय परत लाव आन पुण्याला घेऊन ये, मग बोलू. मग काय, देवळापुढं कॅन घेऊन मीच बसायला लागलो. लोकं म्हणायची, "सिदूअण्णा, दुधात आता नारळाचं पाणी घालतोस व्हय?" म्हटलं, व्हय, तुमच्या वाटणीचं. दाजी एकदा येऊन बघून गेले. ट्रेवर वाकले, म्हणाले, "हे पाइपातनं जाणार न्हाई," आन निघून गेले. तीच त्यांची परवानगी. साय शेवंताच्या बरणीतल्या तुकड्यापासनंच लागली. पोरगी गेली पुण्याला.

पण त्याआधी, परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी, कंपाउंडर आला. पिशवी उघडली. मी गोठ्याकडं न जाता तिच्या शेजारी पाटावर बसलो.

शेवंता म्हणती, "म्हशीला पाणी दाखवायचं न्हवं?"

तिला पण ठाऊक होतं, बघ. सगळ्यांना ठाऊक होतं. एक मी सोडून.

"प्याली ती," म्हटलं. आन कंपाउंडरला म्हटलं, "ओढू नको. आधी उकळून गार केलेलं पाणी घाल, पट्टी भिजू दे, मग सोडव."

"अण्णा, तुम्हीच तर म्हणायचा, कोरडं ठेव!"

"मी काय पण म्हणतो. मी श्रीखंडवाला हाय."

भिजली. सुटली. तिनं पदर दातात धरला होता, तो हळूहळू सोडला. हात माझ्या मांडीवरच होता.

ती पाटी? ती दुकानावरनं काढली, आन गोठ्याच्या खिडकीला मारली उलटी करून. वारा अडतो.

आता ऐक. त्या बरणीत तीच साय हाय. शेवंताच्या विरजणाची. त्या पाण्यातले जीव मरू द्यायचे न्हाईत, म्हणून इतकी वर्षं मी देवळापुढनं नारळाचं पाणी आणून घालतोय, आन आमची ही साखरेची चिमूट टाकती. चित्रा आता तिथं स्वतःच पोरांना शिकवती. तिकडं असलं विरजण तयार मिळतं म्हणे, पण परवा फोनवर म्हणाली, "मामा, पोरांना मामीचंच दाखवायचंय."

तुझ्या बायकोचं झालं वाटतं लिहून. तर एवढं कर. बरणी डिकीत टाकू नको, तिच्या मांडीवर दे. घाटात सावकाश घे. आन अभिनंदन, कितीबी जड झाली तरी वरचं पाणी ओतू नको बाबा. एक थेंब सुद्धा.